थांब म्हणणाऱ्याला रागवायचं नाही

सासूबाई उसवलेल्या बाहीचा ब्लाउज घेऊन गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या एका हातात यंत्राची दांडी होती आणि दुसऱ्या हातात पिस्तुलाचं काडतूस.

“एवढी बाही मारून देतेस का गं मशीनवर?” त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर टेबलावर गेली. “हे शिवणाचं मशीन आहे?”

“नाही,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? डोळ्यांवर जाडजूड संरक्षक चष्मा, पुढ्यात शिशाच्या गोळ्यांनी भरलेली वाटी, भिंतीवर भोकं पडलेला निशाणाचा कागद. चोर मुद्देमालासकट सापडावा तशी मी सापडले होते.

खरं तर खोटं माझं नव्हतं, शैलेशचं होतं. आई बार्शीहून आमच्याकडे ॲरिझोनात, टूसॉनला राहायला यायचं ठरलं, तेव्हा माझ्या या धीट नवऱ्यानं फोनवरच सांगून टाकलं होतं की मृदुला गॅरेजमध्ये शिवणकाम करते, तिकडे कुणी गेलेलं तिला चालत नाही. सून सुट्टीच्या दिवशी पिस्तुलाच्या स्पर्धांना जाते, ओळीनं मांडलेल्या लोखंडी थाळ्या गोळ्या मारून पाडते आणि त्यासाठी लागणारी काडतुसं घरीच भरते, हे आईला सांगायची त्याची छाती नव्हती. त्यातून अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्षही झालं नव्हतं. आल्यापासून आई दोनच गोष्टी बोलत: ‘बरं’ आणि ‘असू दे’. जेवायला चला, तर बरं. भाजी अळणी झालीय, तर असू दे. माझ्या लग्नात याच बाईनं पंगतीत एकेकाच्या नकला करून माझ्या मावशांना ठसका लावला होता. ते हसणं कुठं गेलं म्हणून मला फार वाईट वाटायचं, आणि ते परत कसं आणावं हे काही सुचत नव्हतं.

“बंदुकीच्या गोळ्या करतेस तू?” आईंनी विचारलं.

“पिस्तुलाच्या. स्पर्धेसाठी.”

“मग शैलेश शिवणकाम म्हणाला ते?”

“तो घाबरला तुम्हाला.”

“त्याच्या बापावर गेलाय,” आई म्हणाल्या. त्यांनी ब्लाउज खुंटीला अडकवला, पाय मुडपून स्टुलावर बसल्या आणि यंत्राकडे बोट केलं. “आणि हा काय, शेवयांचा सोऱ्या?”

मी त्यांना सगळं दाखवलं. उडवून झालेली रिकामी पितळी नळी, तिच्या बुडाशी बसवायची ठिणगीची टिकली, मग मापून घालायची दारू, आणि वरून दाबून बसवायची गोळी. दारू सोडणारं उभं, पारदर्शक नळकांडं होतं, त्याला मी माप म्हणत असे. दांडी खाली केली की त्यातून ठरलेलीच दारू नळीत पडायची. आई बार्शीच्या भुसार मालाच्या अडत्याची लेक. माप म्हटल्यावर त्या स्टूल ओढून जवळच सरकल्या.

“फुटत नाही हे?”

“नियम पाळले तर नाही फुटत.”

“सांग नियम.”

मी सांगितले. टेबलावर एका वेळी एकाच जातीची दारू, दुसरा डबा कपाटात. काम चालू असताना गप्पा नाहीत, फोन नाही. अप्पेपात्रासारख्या लाकडी ठोकळ्यात नळ्या उभ्या करायच्या, दारू भरली की एकेका नळीत बॅटरी मारून बघायचं, सगळ्यांची उंची सारखी हवी. कमी पडली तर आवाज दबका येतो, गोळी पिस्तुलाच्या नळीत अडकते आणि मागून येणारी तिच्यावर आपटते. जास्त पडली तर पहिलीलाच पिस्तूल फुटतं. दोन्हीकडे हात आपलाच असतो. काम संपलं की माप रिकामं करून दारू तिच्या डब्यात परत.

“आणि शेवटचा नियम असा की शंका आली की कुणीही ‘थांब’ म्हणायचं. म्हटलं की थांबायचं. शंका खोटी निघाली तरी थांब म्हणणाऱ्याला रागवायचं नाही.”

“हा शेवटचा नियम आमच्या घरात असता,” आई म्हणाल्या, “तर माझा निम्मा संसार सुखाचा झाला असता.”

महिन्याभरातलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य होतं. मी ब्लाउजबद्दल काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी चहाचे कप विसळून होतात न होतात तोच आई गॅरेजच्या दाराशी हजर. स्वतःच्या चष्म्यावर माझा जादा संरक्षक चष्मा, पदर खोचलेला, हातात बॅटरी. त्या अवतारात त्या इतक्या गमतीदार दिसत होत्या की मला हसू आवरेना, आणि काम चालू असताना बोलायचं नाही हा नियम माझाच. गप्प बसायचं ठरवलं की हसू जास्त येतं. एक ठोकळा पुरा होईपर्यंत आम्ही दोघी ओठ दाबून बसायचो आणि शेवटच्या नळीत बॅटरी मारून त्यांनी “ठीक” म्हटलं की दोघींचा बांध फुटायचा. का हसलो ते विचाराल तर सांगता येणार नाही.

त्यांचं मोजणंही त्यांच्या माहेरचं होतं. बार्शीच्या अडतीत पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणत. तसं त्या प्रत्येक ओळीला बॅटरी फिरवत मनातल्या मनात ‘लाभ, दोन, तीन’ करायच्या, ओठ हलताना दिसायचे. काम संपलं की गप्पा. हमाल कसे पोती फोडायचे, त्यांचे वडील मूठभर गहू तळहातावर पसरून जुन्यात नवा मिसळलाय का ते कसे ओळखायचे, दिवाणजी कसा घोरायचा. माप उचलून ठेवताना तळाशी चार दाणे ठेवायचे, रिकामं माप घराला बरं नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

एकदा शैलेश दारात येऊन आ वासून उभा राहिला. “आई, तू इथे काय करतेस?”

“शिवतेय,” आई म्हणाल्या आणि बॅटरी पुढच्या नळीवर नेली.

तो बिचारा आल्या पावली परत गेला. त्या संध्याकाळी आईंनी जेवताना त्याची अशी नक्कल केली की तो स्वतःच ताटावरून उठला, हसून हसून. मला वाटलं, जिंकले. राज्याची स्पर्धा जवळ आली होती, पण त्या आठवड्यात मला कुणी सोन्याचं पदक आणून दिलं असतं तरी मी ते बाजूला ठेवून आधी आईंना आणखी एक नक्कल करायला लावली असती.

स्पर्धा रविवारी होती. शनिवारी सकाळी मी स्पर्धेची काडतुसं भरायला बसले. सरावाला मी स्वस्तातली चपट्या कणांची दारू वापरत असे, स्पर्धेला बारीक गोल दाण्यांची. सरावाचा डबा कपाटात ठेवला, स्पर्धेचा काढला, मापात ओतला. माप आदल्या संध्याकाळी आईंनी रिकामं केलं होतं. ते काम आता त्यांच्याकडेच होतं आणि मी त्यात पुन्हा डोकावत नसे.

पहिला ठोकळा भरला, आईंनी बॅटरी मारली, ठीक. गोळ्या बसवल्या, काडतुसं पेटीत. दुसरा ठोकळा, ठीक, पेटीत. तिसऱ्या ठोकळ्यावर आईंची बॅटरी एका नळीवर अडकून राहिली.

“थांब,” त्या म्हणाल्या.

मी दांडी सोडली. “कमी पडलीय?”

“उंची बरोबर आहे. ही दारू खसखशीसारखी दिसतेय. गोल.”

“हो, ही स्पर्धेची वेगळी असते.”

“आधीच्यात चपटे कण होते. पहिल्या ठोकळ्यात. खसखशीत मिसळलेले. मी उंचीच बघत होते, म्हणून बोलले नाही. भेसळ होती गं त्यात.”

मी मापाकडे पाहिलं, मग कपाटाकडे. दोन जातींच्या दारू एकत्र झाल्या की त्यांचा जोर किती होईल हे कुणालाच सांगता येत नाही. चिमूटभर मिसळली तरी नाही.

“आई, काल माप रिकामं केलं होतं ना?”

त्यांनी बॅटरी विझवली. “केलं होतं. तळाशी चिमूटभर ठेवून.”

“रोज ठेवत होतात?”

“रोज.”

रोज एकच दारू, म्हणून रोज काही बिघडलं नव्हतं. आज बिघडलं होतं. आणि भेसळीची काडतुसं चांगल्यांबरोबर त्या पेटीत मिसळून गेली होती, वरून सगळी सारखीच.

“रिकामं करायचं सांगितलं होतं तू. मला ऐकू आलं होतं,” आई म्हणाल्या. त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “अण्णा गेल्यापासून रिकामं काही बघवत नाही मला. कपाळ बघवत नाही, पलंगाची ती बाजू बघवत नाही. रात्री त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवते अजून. इथंही ठेवते, तुला माहीत नसेल. रोज ते माप पालथं करायची वेळ आली की हात मागे यायचा. म्हटलं, चिमूटभर राहिली तर काय होतंय.” मग त्यांनी माझा उजवा हात धरला आणि बोटं एकेक चाचपून बघितली, मी लहान मूल असल्यासारखी. “उद्या हा गेला असता.”

“पण तुम्हीच तर थांब म्हणालात. आणि मीही बघायला हवं होतं मापात. दोन डोळे तुमचे, दोन माझे, म्हणून तर बसतो आपण दोघी.”

“माझ्या डोळ्यांवर विसंबू नकोस तू आता,” त्या म्हणाल्या. बॅटरी टेबलावर ठेवली, खुंटीवरचा ब्लाउज घेतला आणि आत निघून गेल्या.

स्पर्धेचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. मला दिसत होते ते पुढचे महिने. जेवायला चला, बरं. भाजी अळणी झालीय, असू दे.

मग मी पेटी उचलली, हातोडी उचलली आणि त्यांच्या खोलीत गेले. भरलेलं काडतूस उकलायची एक हातोडी असते. तिचं डोकं पोकळ. त्यात काडतूस अडकवायचं आणि हातोडी जोरात ठोकळ्यावर आपटायची, की गोळी आणि दारू सुटून त्या पोकळीत पडते.

“आई, ही सगळी उकलायची आहेत. माझ्या एकटीच्यानं होणार नाही.”

“मी काही बघणार नाही.”

“बघू नका. आपटा.”

त्यांनी हातोडी हातात घेऊन वजन बघितलं. “ही तर मोगरी आहे धुण्याची.”

“तीच समजा.”

मागच्या अंगणात, वेड्या बाभळीच्या सावलीत ओंडका मांडून आम्ही बसलो, दोघींच्या डोळ्यांवर चष्मे. पहिला फटका त्यांनी हळूच मारला, काही झालं नाही. दुसरा जोरात मारला आणि गोळी टपकन आत पडली. तिसऱ्यापासून त्यांना सूर सापडला. काही वेळानं प्रत्येक फटक्याला एकेक नाव यायला लागलं. हा थोरल्या जावेला. हा त्या दिवाणजीला. हा विमानात खुर्ची मागे करून झोपला होता त्याला. हा शैलेशला, शिवणकाम म्हणाला म्हणून. शैलेश नेमका तेव्हाच पाणी घेऊन येत होता. तो परत फिरला, आणि आईंच्या तोंडावर हसू आलं. नक्कल करतानाचं नाही, जरासंच, पण मी ते डोळे भरून बघून घेतलं. भेसळीची सगळी दारू मी कढीपत्त्याच्या वाफ्याभोवती पातळ पसरून मातीत मिसळून टाकली. मापातली राहिलेलीही. डब्यात अजून पुरेल एवढी होती.

“आता बॅटरी घ्या,” मी म्हणाले.

“ती तूच मार,” आई म्हणाल्या, आणि हसू गेलं.

दुपारभर मी नव्यानं काडतुसं भरली. प्रत्येक ठोकळा दोनदा बघितला, मग शैलेशला बोलावून एकदा बघायला लावला. आई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. आत आल्या नाहीत.

रविवारी सकाळी मैदानावर त्या आल्या त्याच उसवलेल्या ब्लाउजमध्ये, बाहीला पिन लावून. मैदान म्हणजे तीन बाजूंनी मातीचे उंच बांध आणि मध्ये लोखंडी थाळ्यांची रांग. हेक्टर नावाचा उंच, पांढऱ्या मिशांचा पंच प्रत्येकाला आधी पिस्तूल उघडून दाखवायला लावत होता.

“काय बघतोय तो सारखं?” आईंनी विचारलं.

“रिकामं आहे का ते. रिकामं असलं तरच पुढे जाऊ देतो.”

त्यांनी मान हलवली. मी त्यांना कानांवर लावायचे मोठे टोप दिले आणि प्रेक्षकांच्या दोरीमागे खुर्ची मांडून दिली. “काही वेगळं वाटलं तर ओरडा.”

“मी नाही ओरडणार. माझं एकदा चुकलंय.”

“आई, नियम काय आहे?”

“असू दे,” त्या म्हणाल्या.

कशी कुणास ठाऊक, पण त्या दिवशी माझ्या हातात काहीतरी उतरलं होतं. नेम धरायचा आणि थाळी पडायची. शेवटच्या फेरीआधी मी बायकांमध्ये पहिली होते, आणि दुसरी माझ्या बरीच मागे. फक्त ती एक रांग पाडायची होती. हेक्टरनं घड्याळाची शिट्टी वाजवली आणि मी सुरू केलं. लाभ. दोन. तीन. चार. थाळ्या एकामागून एक पडत होत्या आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

“थांब!”

माझे कानटोप बंदुकीचा आवाज अडवायचे आणि माणसाचा आत सोडायचे. पण बार्शीच्या लिलावात घडलेला तो आवाज कुठल्याही टोपातून आत आला असता. अख्ख्या मैदानात तो शब्द कळणारी मी एकटी होते. हेक्टरला कळला नव्हता, पंच म्हणून तो काही बोलला नव्हता. घड्याळ चालू होतं. माझ्या हाताला, कानाला काही वेगळं जाणवलं नव्हतं. पुढची थाळी समोर होती आणि बोट घोड्यावर होतं. मी बोट बाहेर काढलं.

“काय झालं?” हेक्टरनं विचारलं.

“शंका,” मी म्हणाले. “नळी बघू या.”

पिस्तूल थाळ्यांच्या दिशेनंच धरून आम्ही आधी काडतुसं काढली, मग पिस्तूल उघडून नळी वेगळी केली. हेक्टरनं ती उन्हाकडे धरली. आई पदर सावरत दोरीपर्यंत धावत आल्या होत्या.

“अडकली ना गोळी? एक आवाज दबका आला बघ. मला स्पष्ट ऐकू आला.”

मी त्यांच्याकडे बघितलं. कानटोपाच्या आत पदराचा काठ अडकला होता आणि तो ओढून काढायला त्यांनी टोप कानावर दाबून धरला होता. अजूनही एक हात तसाच होता. तो दबका आवाज कुठून आला ते माझ्या लक्षात आलं.

हेक्टरनं नळी त्यांच्या हातात दिली आणि डोळ्याला लावायची खूण केली. आईंनी एक डोळा मिटून नळी आभाळाकडे धरली. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

“रिकामी आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे काहीच नव्हतं.”

“काहीच नव्हतं.”

“आणि तुझा नंबर?”

“गेला. मधेच थांबलं की ती फेरी शून्य धरतात.”

त्यांनी नळी खाली घेतली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता ‘असू दे’ येणार, ‘बरं’ येणार, आणि मग परत काही येणार नाही.

“रागवलीस?” आईंनी विचारलं.

“नियम काय आहे?”

त्यांचे ओठ थरथरले. मी म्हटलं, रडतात. पण ते गॅरेजमधलं थरथरणं होतं, ठोकळा पुरा व्हायच्या आधीचं. मी म्हणाले, “तो पदर आधी कानातून काढा,” आणि बांध फुटला. आई दोरीवर ओणव्या होऊन हसत सुटल्या, मी त्यांना धरायला गेले ती त्यांच्या गळ्यातच पडले, बाहीची पिन सुटून माझ्या दंडाला टोचली तरी हसू थांबेना. राज्याचं पदक आत्ताच घालवून बसलेली बाई अशी का खिदळतेय हे कुणाला कळत नव्हतं. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं.

“त्या काय ओरडल्या?” हेक्टरनं मला विचारलं. मी अर्थ सांगितला, आणि नियमही. त्यानं तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला. ‘थ’ काही त्याला जमेना, पण तो खुश होता.

संध्याकाळी घरी आल्यावर आईंनी स्वतःहून बॅटरी घेतली. माप काढलं, पालथं केलं, तळाला दोन टिचक्या मारल्या, आत उजेड पाडला आणि माझ्यासमोर धरलं.

“बघ. शंका असेल तर आत्ताच सांग.”

“रिकामं आहे.”

“रिकामं आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते जागेवर ठेवलं. मग ब्लाउजची पिन काढत मला म्हणाल्या, “आता तरी ही बाही मारून दे.”

“कशावर, आई? आपल्याकडे मशीन कुठाय?”

आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या वर्षी पहिली कोण आली होती तेही मला आठवत नाही. पण टूसॉनच्या त्या मैदानावर अजूनही कुणाला जराशी शंका आली की कुणीतरी बेंबीच्या देठापासून ‘तांब’ म्हणून ओरडतं. सगळे थांबतात, नळी उन्हाकडे धरतात, आणि ती रिकामी निघाली की ओरडणाऱ्यावर कुणी रागवत नाही.